पाचूतलं शेवाळ

बुलढाणा,
दि. १९ जानेवारी २०२५

ती. इंद्रभानमामांस,
निशिगंधाचा साष्टांग नमस्कार. मामीचा गुडघा आता बरा असेल. आईनं तिळाचे लाडू दिलेत, त्यांच्यासोबतच हे पत्र पाठवते. फोन केला असता तर तुम्ही हसून विषय बदलला असता आणि मीही बदलू दिला असता.

साखरपुडा छान झाला. मामा का आले नाहीत, हे सगळ्यांनी विचारलं. खामगावचं दुकान सोडून कसा येईल, असं आई म्हणाली. गजेंद्र मला आवडला. कमी बोलतो, पण ऐकतो.

त्याच्या आईनं, विमलबाईंनी, त्यांच्या गावाहून, धाडहून, येताना स्वतःची पाचूची अंगठी आणली होती. त्यांच्या सासूची. ती माझ्या बोटात घातली. सुंदर दिसते. हिरवीगार, आत काहीच नाही.

आत काहीच नाही, मामा.

सवयीनं मी भिंग लावलं. सुट्ट्यांत तुमच्या सराफी पेढीवर बसून शिकलेलं डोळ्यांतून जात नाही. तुम्ही म्हणायचात, पाचू जमिनीतून येतो तो शेवाळ, म्हणजे आतल्या बारीक रेषांचं जाळं, घेऊनच. फार असलं तर भाव उतरतो, खडा ठिसूळ होतो. पण अजिबात नसलं तर आधी शंका घ्यायची. मला एक गोल बुडबुडा दिसला. काचेत असतो तसा. भिंग पुसून पुन्हा उन्हात पाहिलं. तिथंच.

वाटलं, त्यांच्या सासूलाच कुणी फसवलं असेल. तेवढ्यावर मी गप्प बसले असते. पण परवा विमलबाई घरी आल्या.

"आवडली काय वं अंगठी?"

"खूप. किती स्वच्छ आहे!"

"आता हाये! आंधी त्यात निरं जाळं होतं, जसं काई शेवाळ साचलं. कोंदण ढिलं झालं तं तुह्या मामापाशी देली. त्याईनं आतला सारा कचरा काढून देला. पैसेबी घेतले नाही. मी तं तवाच म्हटलं, असल्या माणसाची भाची सून करा लागते!"

सगळे हसले. मीही हसले.

म्हणजे हे लग्नच त्या खड्यावरून जमलं. आणि खड्याच्या आतलं कुणालाच काढता येत नाही.

बसवताना तो फुटला का? पाचू दाबाखाली फुटतो, मला माहीत आहे. फुटला म्हणून घाबरलात? की तसं नव्हतं? पैसे घेतले नाहीत, इथंच मी सारखी येऊन अडकते. कधी वाटतं, विमलबाईंना काचच जास्त आवडते, मी कोण बिघडवणारी? खरं सांगते, मलाही ती सुंदरच वाटते. मग वाटतं, उद्या दुसऱ्या कुणी भिंग लावलं तर सोनाराच्या भाचीनंच खडा बदलला म्हणतील, आणि गजेंद्र तेही ऐकून घेईल. आणि माहीत असून मी गप्प बसले, तर बदलणाऱ्यात मीही आलेच की.

आईबाबांना काही सांगितलेलं नाही.

मंडपात मामाला हाक मारतील तेव्हा माझ्यामागे तुम्हीच उभे राहायला हवेत. पण त्याआधी एकदा धाडला जाऊन या. मला उत्तर लिहू नका. तुम्ही काहीही लिहिलंत तरी मी विश्वास ठेवीन, आणि तेच मला नको आहे. विमलबाईंना सांगा.

तुम्ही गेला नाहीत तर मी जाईन.

अजून तुमचीच भाची,
निशिगंधा