कारण लिहा

३ ऑक्टोबर
माझ्या नव्या नियमाचा पहिलाच दिवस, आणि फज्जा! नियम तो केवढासा — अँटिबायोटिक लिहिलंत, तर का लिहिलंत ते चिठ्ठीवर एका ओळीत लिहा. डॉक्टर लबीब सगळ्यांसमोर हसले. "ओपीडीत दीडशे माणूस, आणि मी निबंध लिहू?" आम्ही नऊ डॉक्टर. कारण लिहिलं एकटीने — मी.

७ ऑक्टोबर
सर्दीच्या पोराला अँटिबायोटिकचं इंजेक्शन लिहिलं नाही. त्याच्या आजीने चिठ्ठी माझ्याच टेबलावर टाकली. "कैरोत शिकून आली म्हणे! गरम पाणी पाजा, हे तर माझी शेजारीणही फुकट सांगते." समोरच्या फार्मसीत नेऊन त्याला टोचून घेतलं. खिडकीतून दिसलं मला.

१२ ऑक्टोबर
इन्शिराह दाखल झाली. भट्टीवर रोट्या भाजतो त्या शहातची बायको. सव्वीस वर्षांची. लघवीचं इन्फेक्शन मूत्रपिंडात, तिथून रक्तात. ताप हटत नाही.

१४ ऑक्टोबर
रिपोर्ट आला. सोळा अँटिबायोटिकं तपासली. पंधरांपुढे एकच शेरा — उपयोग नाही. जंतू औषधांना सरावलेत. लॅबला फोन केला, "नावाची गल्लत तर नाही ना?"
"नाही बाई. दोनदा केली तपासणी."
शहात दाराशीच उभा. "भारीतलं लिहा, डॉक्टरबाई. लागेल ते आणतो."
काय सांगू याला?

१५ ऑक्टोबर
उरलेलं ते एक औषध असियूतच्या मोठ्या हॉस्पिटलातून आलं. मूत्रपिंडांना झेपेल असं वाटत नाही, पण दुसरं आहे काय? डॉक्टर लबीब तिच्या खाटेशी बसून होते.

१६ ऑक्टोबर
गेली. सकाळी सव्वादहाला.

२० ऑक्टोबर
गावभर एकच — "ती डॉक्टरीण औषध द्यायला हात आखडते. तिनेच मारलं शहातच्या बायकोला." हॉस्पिटलचे साहेब म्हणाले, "तुमचा नियम तूर्त बंद." तूर्त! राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. एका दमात लिहिला, याचंच वाईट वाटलं.

२२ ऑक्टोबर
शहात ओपीडीत आला. वाटलं, आता मारतो! पण तो रांगेकडे वळला. हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. "दोन वर्षांत अकरा वेळा अँटिबायोटिक लिहून दिलं इन्शिराहला. एकाही डॉक्टरने नाही म्हटलं नाही. म्हणून शेवटी काही लागू पडेना, गेली ती. या बाईंना बोल लावू नका!"
मग आत आला. दार लोटलं. खिशातून आणखी एक चिठ्ठी काढली.
"ही बाहेर दाखवली नाही, बाई."
बारावी. गेल्या वर्षीची. साध्या सर्दीला अँटिबायोटिक. खाली सही माझी.