बाबलीच्या कमरेला जाऊ नये अशा पिस्तुलाची व्यवस्था

मी, भिकाजी आत्माराम धुरी, वय एकोणपन्नास, निवृत्त नायब सुभेदार, मूळ राहणार तालुका सावंतवाडी, हल्ली मुक्काम अल मनखूल, दुबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. बुद्धी जागेवर आहे. पत्नी सुहासिनी हिचे याबाबत वेगळे मत असले तरी ते मी आणलेल्या भाजीपुरतेच आहे. बुधवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर म्हणतात. देवाची इच्छा असेल तर गुरुवारी मीही तसेच म्हणेन. तोवर लिहून ठेवलेले बरे.

१. गावचे घर, काजूची बाग आणि बँकेतील शिल्लक सुहासिनीला मिळावी. बागेच्या कुंपणावरून शेजाऱ्यांशी चाललेले भांडणही तिच्याच नावे करतो. माझ्यापेक्षा ती ते चांगले चालवते.

२. माझी जपमाळ सध्या कोणाला देत नाही. ती माझ्याबरोबर ऑपरेशनला येणार आहे.

३. ज्या नेमबाजी क्लबात मी शिकवतो तिथला माझा सहकारी तय्यब, मूळचा रत्नागिरीचा, याला पिस्तूल साफ करण्याची माझी सगळी अवजारे द्यावीत. पितळी ब्रश तो इतकी वर्षे "जरा दे रे" म्हणून नेत आला आहे. आता परत करायची गरज नाही.

४. आता पिस्तूल. लष्करातून निवृत्त होताना जुन्या, सेवेतून काढलेल्या शस्त्रांपैकी एक लहान पिस्तूल मी रीतसर परवान्यावर विकत घेतले. मी परदेशात असल्यामुळे ते सावंतवाडीच्या परवानाधारक दुकानात जमा असते. सुट्टीत दसरा आला की पूजेपुरते घरी आणतो.

त्यावर सुहासिनीचा भाऊ बाबली हक्क सांगतो, म्हणून पुढील मजकूर नाइलाजाने लिहीत आहे. मागे एका दसऱ्याला माझी आंघोळ चालू असताना त्याने पूजेच्या पाटावरचे पिस्तूल उचलले, नव्या विजारीत खोचले आणि तो देवळात गेला. तिथे देवीला साष्टांग नमस्कार घातला. पिस्तूल निसटले आणि फरशीवरून घसरत थेट देवीच्या पायाशी गेले. मॅगझीन मी कपाटात कुलपात ठेवले होते, म्हणून आज हा विनोद आहे. गुरव म्हणाला, "देवीच्या पायाकडे इला, ता देवीचा झाला." मी ओल्या केसांनी धावत पोचलो. शेवटी मूर्तीला फुलांचे कळे लावून कौल घेतला. उजवा कळा पडला, म्हणजे परत न्यायची परवानगी मिळाली. देवी तरी ते घेऊन काय करणार होती?

गेल्या हिवाळ्यात बाबली व्हिजिट व्हिसावर इथे आला. क्लबात तशाच जातीचे एक पिस्तूल आहे. मी त्याला समजावू लागलो. लहान पिस्तूल गोंडस दिसते, पण अंगात लोखंड कमी, म्हणून गोळीचा धक्का मुठीला जास्त बसतो. पकड जितकी वर, तितकी नळी कमी उसळते. मनगट ताठ हवे, अंग किंचित पुढे. धक्का येणार म्हणून हात आधीच खाली दाबू नये. तो येऊ द्यावा आणि नळी शांतपणे जागेवर आणावी. जपात मन भरकटले तर आपण त्याच्यावर ओरडत नाही, पुन्हा नावावर आणतो, तसेच हे आहे.

"भावजी, मला शिकवू नका," बाबली म्हणाला. "मी रानडुकरं मारली आहेत."

त्याने डोळे मिटले आणि चाप ओढला. मनगट सैल होते, त्यामुळे रिकामे काडतूस बाहेर न पडता मध्येच उभे अडकले.

"ह्या पिस्तूलच बाद आसा!"

माझी मुलगी आभा मागेच उभी होती. "मामा, रिस्ट ढिली ठेवलीत तर जॅम होणारच. इट्स नॉट द पिस्टल."

"म्हणजे चूक माझी?"

"हंड्रेड परसेंट."

"यल्ला मामू, दूसरी मारो," तय्यब म्हणाला. "इस बार आँख खुली रखके, इन्शाल्ला."

मग आभाने ते पिस्तूल मोकळे केले आणि तिच्या सगळ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत बसल्या. घरी परतताना बाबलीने मला बाजूला घेतले. "पोरगी लग्न होऊन जाणार. तुमच्यामागे पिस्तूल गावातच राहायला हवं. मी पट्टा शिवायला टाकलासुद्धा." पट्टा त्याने खुशाल वापरावा. पिस्तूल त्याला मिळू नये.

५. या कलमात मी आधी आभाचे नाव घातले होते. काल संध्याकाळी तिला वाचून दाखवले.

"बाबा, हे काढा."

"का गं? तुझ्याइतका स्थिर हात घरात कोणाचा नाही."

"आय नो. पण मला शूटिंग तुमच्याबरोबर आवडतं. फ्रायडेला जायचं, शॉट्स मारायचे, येताना करामा मार्केटमध्ये डोसा खायचा. तुम्ही नसलात तर त्याचं मी काय करू?"

"मग मामाला देऊ?"

"ओ गॉड, नो!"

स्वयंपाकघरातून सुहासिनी म्हणाली, "माझ्या भावाला नका देऊ. पण ते देवळातलं कशाला लिहिलंत?"

"कारण दिलं नाही तर तो कोर्टात जाईल."

"कारण दिलंत तरी जाईल," ती म्हणाली, आणि जरा विचार करून पुढे, "पण तिथे हे मोठ्याने वाचतील म्हटल्यावर दारातून परत येईल. राहू दे."

तरी माझे पिस्तूल कोणाच्याही नावे होऊ नये. आभाने दुकानदाराला सोबत घेऊन ते पोलीस ठाण्यात जमा करावे आणि नष्ट करण्याचा अर्ज द्यावा. नेताना पिस्तूल पेटीत, मॅगझीन वेगळे. आत गोळी नाही हे तिने स्वतः पाहावे, दुकानदाराने पाहिले असे तो सांगत असला तरी.

६. मी ऑपरेशनमधून परत आलो, तर मे महिन्याच्या सुट्टीत ते मी स्वतःच जमा करीन. तेवढ्यासाठी पोरीला माझ्याशिवाय ठाण्याची पायरी चढावी लागू नये. माझे बुधवारचे मागणे एवढेच आहे. देवाला तसे सांगून झाले आहे.

हा मजकूर मी वाचला, पत्नीनेही वाचला. ती दोनदा हसली आणि सहाव्या कलमापाशी उठून आत गेली. त्यानंतर मी खालील दोन साक्षीदारांसमक्ष सही केली व त्यांनी माझ्यासमक्ष केली.

भिकाजी आत्माराम धुरी

साक्षीदार:
१. तय्यब इद्रीस मुकादम, क्लबातील सहकारी
२. अनुपमा सुरेश देवधर, शेजारीण

स्थळ: अल मनखूल, दुबई
सोमवार, १८ फेब्रुवारी २००२