हवालदाराचं ताट

पिंपरी, ६ जून १९७४

ती. साहेबदादास,
कस्तुराचा सप्रेम जय भीम. वि. वि. इकडे सगळे खुशाल. खानावळीत गिऱ्हाईक वाढलंय; तुझे दाजी मदत कमी नि लुडबुड जास्त करतात.

कंपनीच्या गेटवर पहारेकऱ्यांचा नवा प्रमुख आलाय, कोंडाजी हवालदार. तुमच्याच पलटणीतला पेन्शनर. जेवतो माझ्याकडेच. तुझ्या तोफेवरच्या भिवाभाऊंचा हात गेला तेव्हाचा हवालदार हाच का? मी तुझी बहीण, हे त्याला सांगितलेलं नाही.

माया आहे तशीच ठेव.
कस्तुरा

छावणी, १५ जून

चि. कस्तुरास अनेक आशीर्वाद.
तोच तो हलकट! भिवाला सांगायचा, साहेबराव तुला गावंढळ म्हणतो. मला सांगायचा, भिवा तुझ्या चुगल्या करतो. प्रत्येकाला वाटायचं, हवालदार तेवढा आपला. तोफेवरचे आम्ही एकमेकांशी बोलेनासे झालो.

तोफेच्या आवाजात एकाची हाळी दुसऱ्याने पुढे द्यायची, असा कायदा. सरावात मी थांबा म्हणून ओरडलो. मधल्या दोघांनी रुसव्यापायी हाळी पुढे दिलीच नाही. तोफ उडाली नि भिवाचा उजवा हात गेला. हवालदाराने त्याला पटवलं की साहेबराव मुद्दाम गप्प राहिला. ठपका माझ्यावर आला, बाहीवरची हुद्द्याची फीत गेली, त्याचं दुःख नाही. भिवा माझ्या पत्राला उत्तर देत नाही.

त्याच्या आमटीत जमालगोटा घाल, पण सोडू नकोस.
तुझा दादा, साहेबराव

पिंपरी, २ जुलै

ती. दादास सप्रेम जय भीम. वि. वि.
जमालगोटा लागला नाही. तो इथेही तेच करत होता. एकेकाच्या कानाशी लागायचा. वाढणाऱ्या बाईलाही कान असतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. २३ तारखेच्या रविवारी सगळ्या पहारेकऱ्यांना एकाच पंगतीत बसवलं. चिंचवडहून भिवाभाऊंनाही बोलावलं.

वाढता वाढता मी पहारेकरी रंगरावांना मोठ्याने विचारलं, तुम्ही ज्योतीरामांना गावंढळ म्हणता, असं हवालदार सांगतात, खरं का? ज्योतीराम उसळले, की मला तर सांगितलं रंगराव माझ्या चुगल्या करतात. मग एकेक जण बोलायला लागला. हवालदाराचा घास हातातच राहिला.

भिवाभाऊ म्हणाले, हेच शब्द यानं मला साहेबरावाबद्दल सांगितले होते. मग तू थांबा म्हणून ओरडला होतास नि मधल्या दोघांनी हाळी पुढे दिली नाही, हे मी सगळं सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने हवालदाराचं ताट उचललं नि दाराबाहेरच्या कुत्र्यापुढे ठेवलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

आठवड्यात हवालदार नोकरी सोडून गेला. शनिवारच्या गाडीने भिवाभाऊ तुझ्याकडे निघतायत. तुझ्यासमोर काय तोंड घेऊन उभा राहू, असं विचारत होते. दादा, स्टेशनवर तूच आधी पुढे हो.

तुझीच,
कस्तुरा