माझ्या नावाची सव्वा मूठ

माय, काल तुझ्या धाकट्याचा फोन आला होता. रविवारी घरी कानबाई देवी बसतेय, रोटांचे गहू काढायला घेतलेत, तुमची मूठ दरवर्षीसारखी काढतोच आहे, असं म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "दादा, यंदा तुमना पोर्‍यानी बी मूठ काढू का? तो बी आते मोठा व्हयना." मी तेव्हा जळगावात बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभा होतो. पेन्शनीत आलेल्या फौजीला हे काम बरं मिळतं. नुसतं उभं राहायचं आणि छातीवरच्या फिती लोकांना दिसू द्यायच्या. मी "काढ" म्हणालो आणि फोन ठेवला. तुला जाऊन पंधरा वर्षं झाली. तू होतीस तेव्हा सांगायचं ते आज लिहायला बसलोय, म्हणजे बैल गेला नि झोपा केला. पण आता माझ्या पोराचं नाव त्या गव्हात पडणार आहे, आणि ते मला सोसवत नाही.

तुझ्या घरी पहिल्यांदा आलो तो दिवस आठव. तुझ्या मोठ्या पोराला लढाईत जाऊन दोन महिने झाले होते. तो आणि मी एकाच दिवशी भरती झालेलो, बराकीत खाटही शेजारची. मी केळीच्या मुलखातला, तो तुमच्या कपाशीतला. माझ्या बोलण्याच्या नकला करून तो सगळ्या पलटणीला हसवायचा. लढाई संपली, सुट्टी मिळाली आणि मी स्वतःच्या घरी दोन दिवस राहून तुझ्याकडे निघालो. नरडाण्याला गाडीतून उतरलो, तर फाट्यावर त्याचा हा मोठा फोटो लावलेला. खाली पुढार्‍यांचे फोटो त्याच्यापेक्षा ठळक. तुझ्या ओसरीवर माणसंच माणसं. डोंगर किती उंच होता, समोरचे किती मारले, बर्फ होतं का, एक ना दोन. तू भिंतीला टेकून बसली होतीस. शेवटी उठलीस, सगळ्यांना म्हणालीस, "बठ्ठा भाईर व्हा," आणि मला चुलीपाशी नेलंस. मला वाटलं, आता रडेल. तू रडली नाहीस. एवढंच विचारलंस, "त्याले पानी पाजं का रे कोनी?"

मी तुझ्याकडे पाहतोय. चुलीवर चहा उकळून उतू चाललाय आणि तुझं तिकडे लक्ष नाही. काय उत्तर दिलं तर ही बाई उद्या सकाळी उठून भाकरी करील, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता. मी म्हणालो, "मी पाजलं, माय." तू माझा हात हातात घेतलास, उलटसुलट करून पाहिलास आणि कपाळाला लावलास. हात ओढून घ्यावा असं वाटत होतं, पण तू घट्ट धरला होतास.

त्या वर्षी तुझ्या घरी सण नव्हता. पुढच्या श्रावणात तू निरोप पाठवलास म्हणून आलो, तर घरात गहू काढायचं चाललेलं. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू, त्याचे रोट, आणि ते खायचे फक्त भाऊबंदांनी; हे मला कुणी शिकवायला नको, आमच्याकडेही तेच. तुझ्या दिरानं नावं घेतली, यंदा एक मूठ कमी, असं हळूच म्हणाला. तू सुपात हात घातलास आणि माझं नाव घेऊन मूठ काढलीस. तो बिचारा गडबडला. "वहिनी, रोट बाहेरनाले देतस नही." तू मान वर न करता म्हणालीस, "त्यानी मना पोर्‍याना तोंडमा पानी टाकं. पानी पाजनारा परका ऱ्हास का?" मी ते रोट खाल्ले. गंगाफळाची भाजी, खीर, सगळं खाल्लं, आणि तू शेजारी बसून वाढत राहिलीस. त्यानंतर सुट्टी मिळाली की श्रावण चुकवला नाही. सुट्टी नाही मिळाली तर माझ्या वाट्याचा तुकडा तू आधी काढून ठेवायचीस आणि मगच तोंडात घास घालायचीस, हे मला धाकट्यानं सांगितलंय.

माझ्या घरी येशील तर हसशील. प्रत्येक खिडकीत पाण्याची भरलेली बाटली, पलंगाखाली दोन, गाडीच्या डिकीत चार. बायको म्हणते, "घराची पाणपोई केलीय यांनी." पाहुणा दारात उभा असतानाच मी तांब्या पुढे करतो, नको म्हणाला तर मला राग येतो, आणि तो राग पाहून माणसं पुन्हा येत नाहीत. पोरगा लहानपणी खेळून आला की मी त्याला जबरदस्तीनं पाणी पाजायचो. एकदा त्याला ठसका लागला, तेव्हा बायकोनं माझ्या हातातून पेला हिसकावून घेतला. तिनं कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आम्ही एका घरात राहतो, पण त्या डोंगरावर मी एकटाच आहे, माय.

तू जायला टेकलीस तेव्हा धाकट्यानं मला बोलावून घेतलं. भर दुपारी पोचलो. दोन दिवस तू कुणाच्या हातचं पाणी घेत नव्हतीस. मी चमच्यानं तुझ्या ओठांत घातलं. तू गिळलंस, डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "त्याले बी असंच पाजं का रे?" मी म्हणालो, "असंच." तुझा चेहरा सैल झाला. घरचे सगळे रडले आणि मला धरून रडले. माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

आता खरं. सकाळी वर चढताना आमच्यावर गोळीबार झाला. मी एका खडकामागे आडवा झालो, तो माझ्यापासून दहा-बारा पावलांवर पडला. पोटात लागली होती. तो मला हाका मारत होता, पाणी मागत होता. माझ्याकडे अर्धी बाटली होती. आधी गोळीबार होता, म्हणून गेलो नाही. मग पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचं नसतं असं शिकवलंय, ते आठवलं, म्हणून गेलो नाही. दुपारी गोळीबार थांबला. चांगला अर्धा तास थांबला. दुसरा एक जण सरपटत येऊन जागा बदलून गेला. तेव्हाही मी गेलो नाही. त्या वेळी कुठलंच कारण नव्हतं, माय. मला मरायचं नव्हतं, आणि अंग जमिनीला चिकटून बसलं होतं. तो हळूहळू हाका मारायचा थांबला.

हे धाकट्याला सांगायला हवं, रविवारच्या आत. सांगणार नाही, हे मला माहीत आहे. तो माझ्या पोराची मूठ काढील, पोरगा हौसेनं रोट खाईल, आणि मी शेजारी बसेन. हा कागद आज घडी करून गणवेशाच्या खिशात ठेवीन, उद्या धुवायला टाकीन.

फक्त एक राहिलं. तो गप्प झाल्यावर मी बाटली उघडली आणि ते पाणी सगळं पिऊन टाकलं. आणि माय, ते गोड लागलं.