पिवळा अजगर सोडायचा कुठं?

शिराळा, शनिवार, रात्र

कराडहून एसटीत उभी आले, पाय भरून आलेत. तरी तोच फोटो पुन्हा उघडला. पांढऱ्या अंगावर लिंबासारखे पिवळे पट्टे, लाल डोळे. परदेशी अजगराचं पिल्लू, पुण्याचा विक्रेता कागदपत्रांसह देतोय. माझे दोन पगार जातील. शाळांतून नेऊन मुलांची सापाची भीती घालवायची, म्हणून हवाय. खरंच म्हणून? की तो पिवळा रंगच आवडलाय?

जेवताना आबांना फोटो दाखवला. कोर्टाची बंदी येण्याआधी आबा नागपंचमीला नाग धरायचे, मडक्यात ठेवायचे आणि पूजा झाली की ज्या बांधावर धरला तिथंच नेऊन सोडायचे.

"लय देखणा हाय," आबा म्हणाले. "धरला कुठं ह्यो?"

"धरला नाही, पेटीतच जन्मलाय."

"मग सोडायचा कुठं?"

"सोडायचा नाही आबा. वीस-पंचवीस वर्षं जगतो, आपल्याकडंच राहणार."

आई म्हणाली, "म्हंजे तुझ्या रुखवतात मांडायचा व्हय?"

हसले, पण आबांचा प्रश्न डोक्यातून जाईना. तीन वर्षं बीएस्सी केली, प्राण्यांचे अधिवास पाठ केले. चौथी शिकलेल्या आबांना पहिल्याच झटक्यात सुचलं, ते मला महिनाभर सुचलं नाही. तो पिवळा रंग आपल्या कुठल्याच बांधावर एक दिवससुद्धा टिकणार नाही.

विक्रेत्याला नको म्हणून कळवलं. फोटो अजून पुसवत नाही.

शाळेत मुलांना नागाच्या गोष्टी सांगायला आबाच येतील का, विचारायला हवं. मडकं अजून माळ्यावर आहे.