एक ठोका मागे

२ ऑक्टोबर

मुरेव्याला येऊन पोचले एकदाची! अंगठ्यांनी छेडायच्या लोखंडी पट्ट्यांची माझी म्बिरा तिच्या घुमणाऱ्या भोपळ्यासकट मांडीवर घेऊन बसले होते, तर कंडक्टर विचारतो की यात मक्याचा साड्झा शिजवणार का. हरारेचा असो की मुरेव्याचा, कंडक्टरची अक्कल सगळीकडे सारखीच. पण आज मला कशाचाच राग येत नाही. शाळेत संगीताची बाई म्हणून नेमणूक झाली आहे आणि खोलीही झकास मिळाली. अम्बुया एस्नाथ या घरमालकीण आजीची मागची खोली: जाड भिंती, दारात आंब्याचं झाड आणि एक आडदांड लाकडी कपाट. टाळी वाजवून पाहिली. आवाज भिंतीत मुरतो, घुमत नाही. ध्वनिमुद्रणाला याहून चांगली जागा राजधानीत पैसे मोजून मिळत नाही.

अम्बुया पांढऱ्या झग्यातल्या देवळाची आहे, पितरांना बोलावणारं वाद्य तिथे वर्ज्य. म्बिरा पाहून तिने तोंड असं केलं, जणू मी घरात मेलेलं मांजर आणलंय. मग नाव विचारलं. दादिराई, म्हणजे 'मिजास कशाला?'. बापाने शेजाऱ्यांना टोमणा म्हणून ठेवलं होतं. अम्बुया म्हणाली, टोमणा शेजाऱ्यांना लागला नाही वाटतं, पोरीलाच चिकटला. म्हातारी फटकळ आहे, पण करमणूक होईल.

४ ऑक्टोबर

इथे का आले ते लिहून ठेवते. सेकुरु मातोपे, सगळ्यांचे आजोबा, याच गावचे. गेल्या जूनमध्ये, इथल्या थंडीत, वारले. त्यांच्यासारखा म्बिरा वाजवणारा झाला नाही आणि बाकीच्यांचे अंगठे पाहता होणारही नाही. ते गेल्यापासून जो उठतो तो घरी बसून त्यांचं 'दार नुसतं लोटलंय' वाजवतो आणि फोनवरून जगाला ऐकवतो. एक जण काळा चष्मा लावून कीबोर्डवर वाजवतो. एक बाई मध्येच रडते, आणि रडते तीही बेसूर. गाढवांना गुळाची चव काय!

मी वाजवेन ते शेवटचं असेल. त्यानंतर कुणी हात लावायला धजणार नाही.

गाणं दोघांचं आहे. एक हाक घालतो, दुसरा एक ठोका मागे राहून ओ देतो. मी जन्मभर हाकच घातली. ओ देणं म्हणजे चाकरी, दुसऱ्याच्या मागून पिशवी धरून चालणं. एकोणीस वर्षांची असताना सेकुरूंच्या अंगणात जाऊन वाजवलं होतं. त्यांनी तपकीर ओढली, शिंकले आणि म्हणाले, "पोरी, हाक झकास मारतेस. ओ द्यायला शिक, मग ये."

मी गेले नाही. आता दोन्ही हात मीच वाजवणार: आधी हाक मुद्रित करायची, मग ती कानात ऐकत वर ओ चढवायची. त्यांचं चुकलं होतं हे त्यांच्याच गाण्यावर दाखवून द्यायचं आहे, आणि ते ऐकायला ते नाहीत एवढंच दुःख आहे.

६ ऑक्टोबर

इतिहासाचे न्याशानू सर हे सेकुरूंचे सख्खे भाचे निघाले. ढेरपोटे, शर्टावर कायम शेंगदाण्याची सालं. त्यांनीही गाण्याची एक आवृत्ती केली आहे. ऐकली. दारातून हत्ती येतोय असं वाटतं.

माझा बेत ऐकून गृहस्थ गंभीर झाले. म्हणाले, मामाच्या आत्म्याला अजून घरी आणलेलं नाही. वर्ष भरलं की बिअर गाळून, म्बिरा वाजवून आम्ही त्याला कबरीवरून घरी आणू. तोवर तो बिनघराचा आहे. मी विचारलं, मग तुम्ही कसं वाजवलंत? म्हणाले, मी नुसती ओ वाजवली, हाक कुणीच घातली नाही. जो हाक घालेल त्याच्याकडे तो घर समजून येईल. करायचंच असेल तर निदान आधी टाळ्या वाजवून विचार, दुसऱ्याच्या दारात उभं राहून विचारतात तसं. मी हसले. नाचता येईना अंगण वाकडं, यांना वाजवता येईना तर मामा बिनघराचा!

९ ऑक्टोबर, शनिवार

अम्बुया देवळात गेली होती. शेजारी बाजारात. खिडकीला गादी लावली, कपाट उघडून घोंगड्या लटकवल्या, माइक खुर्चीला बांधला. घामाने बोटं घसरत होती तरी हाक पहिल्याच झटक्यात निर्दोष वाजली. टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. हवं तर सेकुरूंनीच माझ्यासाठी वाजवाव्यात.

१० ऑक्टोबर

ओ मुद्रित करायला बसले. कानाला यंत्र लावलं, माझी हाक सुरू केली, आणि तिच्या मागे ओ आधीपासूनच होती.

आधी वाटलं जुनी फाइल मिसळली. नाही. मग वाटलं शेजारी कुणी वाजवलं असेल. पण इथे भजनापलीकडे कुणाची मजल नाही. शेवटी मुकाट ऐकत बसले. बरोबर एक ठोका मागे, अंगठा किंचित तिरका पडणारा, अशी ओ मी आयुष्यात एकदाच ऐकली आहे, त्या दिवशी, सेकुरूंच्या अंगणात, त्यांच्याच हातून. भीती वाटली, हे कबूल करते. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आनंद जास्त झाला. माझ्यासारखं गाणं कुणाचं झालंय? शिवाय मुद्रण माझं, खोली माझी, माइक माझा. मग हातही माझेच म्हणायला काय हरकत आहे?

१२ ऑक्टोबर

न्याशानू सरांना मधल्या सुट्टीत ऐकवलं. मुद्दाम, जिरवायला. ते खात होते ते थांबले. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी हळूच टाळ्या वाजवल्या, तळवे सपाट धरून, वडीलधाऱ्यासमोर पुरुष वाजवतात तशा. विचारलं, ओ कुणी दिली? म्हटलं, मीच. ते माझ्या हातांकडे पाहत राहिले आणि मग वर्गावर गेले. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही लोकांना.

१५ ऑक्टोबर

अम्बुयाने सकाळीच भांडण काढलं. तिच्या घरात पुरुष ठेवलेले चालत नाहीत म्हणे. कसला पुरुष? म्हणाली, मला मूर्ख समजू नकोस, तू शाळेत जातेस तेव्हा तो तुझ्या खोलीत शिंकतो. खोलीत कुणी नव्हतं. पण कपाट उघडलं तर घोंगड्यांना तपकिरीचा वास येत होता. घोंगड्या तिच्याच आहेत. तीच ओढत असेल चोरून, देवळातली साध्वी!

फळ्यावर लिहिताना खडूचा आवाज दोनदा येतो. माझा, आणि मग एक ठोका मागे आणखी एक. वर्गाला दटावलं. पोरं टकामका बघत होती.

१७ ऑक्टोबर

फाइल पुन्हा ऐकली. तीच फाइल, मी हात लावलेला नाही. ओ जवळ आली आहे. ठोकाभर मागे होती, आता अर्धा ठोकाही नाही. दोन दिवस माझ्या मागून येतात त्या पावलांचंही तसंच. विहिरीवरून येताना मागची पावलं माझ्या टाचेला लागतील इतकी जवळ होती. वळून पाहिलं नाही. कुणाला घाबरून नव्हे, डोक्यावर पाणी होतं म्हणून.

गाणं कुणाला पाठवलेलं नाही. आधी हे नीट करायला हवं. गाणं माझं आहे. हाक माझी आहे.

१९ ऑक्टोबर

दोन्ही हात एकत्र पडतात. कुठला माझा ते मला ओळखू येत नाही.

मला.

न्याशानू सरांना पुन्हा ऐकवलं. यावेळी जिरवायला नाही. विचारायला गेले होते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "मामाची हाक अगदी जशीच्या तशी आहे. पण ताई, त्याच्यामागे ही ओ कोण देतंय? हात फार कच्चा आहे."

कच्चा हात माझा होता.

२० ऑक्टोबर

फाइल पुसली. म्बिरा कपाटात कोंडून किल्ली अम्बुयाकडे दिली. ती म्हणाली, देवाने बुद्धी दिली. संध्याकाळी तिच्याच दारात बसून टाळ्या वाजवल्या, बायका वाजवतात तशा, तळवे पोकळ करून. म्हटलं, सेकुरु, विचारायचं राहिलं, आता विचारते. हसू नका.

माझ्या आधी टाळी वाजली. सपाट तळव्यांची.

मग माझी.

२१ ऑक्टोबर

वर्गात 'बसा' म्हणायला तोंड उघडलं. पोरं बसलेली होती. कुणीतरी आधीच म्हणालं होतं. मी म्हटलं तेव्हा ती हसली. मला. त्या शेंबड्या पोरांनी मला —

रस्त्यात पावलं आता पुढे. मी थांबले की तो थांबलेलाच असतो. त्याच्यामागून चालते आहे, पिशवी धरून.

सरांनी सांगितलं की कुटुंबाला कळवलंय, पण वर्ष भरल्याशिवाय त्याला कुठेच नेता येत नाही. मी म्हटलं, माझ्या खोलीतून तरी न्या. ते म्हणाले, त्याला बोलावून घर तूच दिलंस, दादिराई, आता आम्ही काय करू? चेहऱ्यावर कीव होती. न्याशानूची कीव! यापरीस थोबाडीत मारली असती तर —

२२

हरारेची गाडी धरायला निघाले होते. तो आधीच आंब्याखालून परत वळला होता. मीही वळले.

कपाट उघडं आहे. किल्ली अम्बुयाच्या गळ्यात आहे आणि कपाट उघडं —

अंगठे हलतात. जेवताना, ताटाच्या कडेवर. मी हलवत नाही. चुकले की शिंक येते. मग पुन्हा पहिल्यापासून.

२३

चुकतंय. अजून चुकतंय. तो रागावत नाही. कंटाळतो. मी न्याशानूला ऐकताना जसा चेहरा करायची तसा कंटाळतो. हे सहन होत नाही. मारा, पण तसं बघू नका —

चांगलं वाजवेन. शिकेन. मी म्हटलं, शिकेन. नाही, तो म्हणाला, शिकशील. मी मागून म्हटलं.

लिहितेय तेही. शब्द आधी ऐकू येतो, मग हात —

भर दुपार आहे. अम्बुया दारातून विचारतेय, कुणाशी बोलतेस. उत्तर दिलं गेलंय. माझ्या आवाजात. मी अजून तोंड उघडलेलं —

दार लोट, म्हणाला. नुसतं लोट.

लोटलं.

परत, म्हणाला.

परत.

दादिराई, म्हणाला.

ओ

बरोबर, म्हणाला