बिल्ला नंबर एकतीस

मंगळवार, १० मार्च. सकाळी नळाचा वॉशर बदलला. दुपारी तीन ते सव्वापाच मॉलमध्ये होतो. येताना ब्रेड आणला.

ती. ताईंना नमस्कार. गुडघा कसा आहे? शेकताय ना? मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, म्हणजे माझ्या वेळेवर होतं.

वरचं मॉलचं वाक्य वाचून तुम्ही चष्मा पुसला असेल. बरोबर वाचलंत. ज्याच्याविरुद्ध मी गल्लीभर हिंडून अर्जावर दोनशे बारा सह्या गोळा केल्या (पहिली माझी, दुसरी तुमच्या धाकट्या बहिणीची), त्याच मॉलमध्ये. चार वर्षं मी त्याच्या सावलीलाही गेलो नव्हतो. पलीकडच्या फूटपाथने जायचो, तो बाराही महिने खणलेला असला तरी.

झालं असं की, ही जाऊन पाच महिने झाले तरी मी हिची पर्स उघडली नव्हती. रविवारी उघडली. किल्ल्या, सेफ्टी पिना, डोकेदुखीची एक गोळी आणि मॉलच्या सामान ठेवायच्या काउंटरचा बिल्ला, नंबर एकतीस. हिचा आणि मॉलचा काय संबंध, हे काही केल्या उलगडेना. त्यात दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात पाच महिने पडून आहे म्हटल्यावर मला चैन पडेना. (नकाशे काढायच्या नोकरीत मी संपत आलेली पेन्सिलसुद्धा सही करून परत केली आहे.) बिल्ला द्यायचा आणि दारातूनच परतायचं, असं ठरवून निघालो.

काउंटरवरची बाई बिल्ला घेईना. सामान उचलल्याशिवाय बिल्ला जमा होत नाही म्हणाली. मी म्हटलं, सामान माझं नाही. मग बिल्ला तुमच्याकडे कसा, म्हणाली. मागे रांग लागली. शेवटी मी म्हटलं, ज्यांचं आहे त्या आता येणार नाहीत. तेव्हा एक कापडी पिशवी काढून तिने माझ्या हातात दिली. आत हिचे पांढरे बूट होते. टाचा झिजलेल्या, नाड्या नव्या.

तिथे तसाच उभा होतो, तेवढ्यात पिशवी ओळखून तीन बायका आल्या. "तुम्हीच ना अर्जवाले?" माझं तिकडचं नाव हे आहे. ताई, या तिघी आणि ही, अशा चौघी रोज दुपारी तीन वाजता मॉलच्या तळमजल्यावर दहा फेऱ्या मारायच्या. रोजच्या बायकांचे बूट ती काउंटरवाली एका कप्प्यात ठेवून घेते. ही घरातून निघताना "जरा पाय मोकळे करून येते" म्हणायची, म्हणजे खोटं काहीच बोलली नाही. कुठे, हे मी विचारलं नाही. (घरूनच बूट घालून निघाली असती तर कदाचित विचारलं असतं.) अर्जामुळे मला वाईट वाटेल म्हणून सांगत नव्हती, असं त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, चालायला मॉलच कशाला हवा? तर त्यांतली सर्वांत ठेंगणी माझ्यावरच उखडली. "बाहेर कुठे चालायचं ते दाखवा की! इथे खड्डा नाही, ऊन नाही, बसायला बाक आहे, बाथरूम आहे." अर्जात मी सतरा मुद्दे लिहिले होते, दुकानं बंद पडतील इथपासून गल्लीत वारा येणार नाही इथपर्यंत. बाथरूम कुठेच नव्हतं. त्यावर दुसरी म्हणाली, "आणि अर्जवाले, अंगातला शर्ट इथलाच आहे बरं का! आम्ही चौघींनी पसंत केलाय." हा निळ्या चौकड्यांचा शर्ट कोपऱ्यावरच्या शिंप्याने शिवला, असं मी दोन वर्षं लोकांना सांगतोय. शिंप्यानेही कधी नाही म्हटलं नाही.

मग त्यांच्या मागून एक फेरी मारली. चारशे बारा पावलं भरतात. (सरकत्या जिन्याचं भेटीत सांगेन. चढलो माझा मी, उतरवलं तिघींनी.) कपड्यांचं दुकान आलं की ही तिथे रोज थांबायची म्हणे. मीही थांबलो.

तब्येतीला जपा. कळवत राहा.

तुमच्या धाकटीचे हे

ता. क. हिचे बूट तुम्हाला होतील का, हे विचारायला पत्र लिहायला घेतलं होतं. आता विचारत नाही. बूट परत त्याच काउंटरवर ठेवलेत. बिल्ला घरी आहे. हो, दुसऱ्याची वस्तू, माहीत आहे.

पुन्हा ता. क. खरं काम हे. तिघींनी उद्या तीनला बोलावलंय, आणि असल्या कडक काळ्या बुटांत येऊ नका असं बजावलंय. ते बूट तुम्ही दोघींनी मिळून आणले होते. नवे घ्यायचे तर माझा नंबर काय? आतला छाप पुसला गेलाय आणि मला कधी लक्षात ठेवावा लागला नाही. कुठून आणले, ते नाही कळवलंत तरी चालेल.

शेवटचा ता. क. तुमचं उत्तर उद्यापर्यंत येणार नाही, हे आत्ता ध्यानात आलं. जमिनीवर कागद पसरून पाऊल ठेवलंय आणि पेन्सिलीने कड काढतोय. बोटं ठीक आली. टाचेपर्यंत हात पोचत नाही. ती अंदाजाने काढतो.